एका हस्तलिखिताची सुटका

युद्धकाळातील नागरी स्वातंत्र्याचा इतिहास आपण बहुधा अटका आणि आंदोलने यांच्या आधारे लिहितो. मराठीच्या अभ्यासकाला मात्र त्यासाठी एका पुस्तकाची अनुक्रमणिका पाहावी लागते.

ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने आक्रमण केले. २६ तारखेला आणीबाणी जाहीर झाली, भारत संरक्षण नियम आले आणि त्यांखाली स्थानबद्ध झालेल्यांना अनुच्छेद २१ व २२ यांच्या आधारे न्यायालयात दाद मागण्याचा मार्ग राष्ट्रपतींच्या आदेशाने बंद झाला. पराभवाचा संताप सीमेपार पोहोचू शकत नव्हता. तो घरातल्या कम्युनिस्टांवर उतरला. (चीनच्या प्रश्नावर त्या पक्षातच दोन तट होते. पण संताप असले भेद कधी करीत नाही.)

या नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात असलेल्या प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांनी तेथे मराठीत एक पुस्तक लिहिले : 'अणूच्या अंतरंगात'. लिहिण्यास सरकारची परवानगी होती. प्रकाशनासाठी हस्तलिखित पत्नीकडे पाठवू द्यावे, ही विनंती मात्र मार्च १९६४ मध्ये फेटाळली गेली. संझगिरी मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्तींनी अनुक्रमणिका वाचली आणि पुस्तक मूलकणांच्या सिद्धान्ताविषयी आहे, देशाच्या संरक्षणाला त्यापासून बाधा नाही, असे ठरवून ते बाहेर पाठवू देण्याचा आदेश दिला.

राज्य सरकारने सर्वोच्च न्यायालयात केलेला युक्तिवाद लक्षात घेण्याजोगा आहे. स्थानबद्ध माणसाचे स्वातंत्र्य संपलेलेच असते. १९५१ च्या 'मुंबई स्थानबद्धता अटी आदेशा'ने ज्या सवलती दिल्या तेवढ्याच त्याच्या, आणि पुस्तक छापण्याची सवलत त्यात नाही. न्यायालयाने तीच संहिता उलट बाजूने वाचली. आदेशातील अटी या सवलती नसून निर्बंध आहेत. म्हणून जे निषिद्ध म्हणून लिहिलेले नाही, ते कैद्याकडेच उरते. शिवाय निर्बंध कायद्याबाहेरचा असेल तर न्यायालयाचे दारही बंद होत नाही. स्वातंत्र्याला आधार मिळाला तो कोणत्या सनदेतून नव्हे, तर राज्याच्याच एका रुक्ष आदेशाच्या मौनातून. संहितेतील मौन वाचायला आपण वर्गात शिकवतो. त्याचे याहून चोख उदाहरण मला ठाऊक नाही.

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करून वर्गात येणाऱ्या मुलांना हा निकाल सांगितला, तेव्हा मे २०२५ मधील संघर्षाचे दिवस नुकतेच सरले होते. "सर, लढाई चालू असताना अशा माणसाचे लाड कशाला?" असे एकाने विचारले. प्रश्न प्रामाणिक होता; त्याच्या गावचा मुलगा सैन्यात आहे. मी त्याला निकालाची तारीख सांगितली : ६ सप्टेंबर १९६५. त्याच दिवशी भारतीय सैन्याने लाहोर आघाडीवर आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडली. तोफा चालू असताना न्यायमूर्ती सुब्बा राव यांच्या पीठाने सरकारचे अपील फेटाळले होते. मुलगा गप्प झाला, पटले असे मात्र म्हणाला नाही. तेही योग्यच.

ही धिटाई टिकली नाही. एप्रिल १९७६ मध्ये, रणांगणावर युद्ध नसताना, त्याच न्यायालयाने स्थानबद्धांना दार बंद केले. पाचांपैकी एकट्या न्यायमूर्ती खन्ना यांनी विरोध नोंदवला. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१ ची दाद आणीबाणीतही रोखता येणार नाही, अशी तजवीज केली. अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य देणारा अनुच्छेद १९ मात्र युद्धाच्या किंवा परकीय आक्रमणाच्या आणीबाणीत आजही स्थगित होऊ शकतो.