मंग काय झालं वं?

कुणी एखादी मालिका बघायला सुचवली की समोरचा माणूस आज आधी अट घालतो: शेवट सांगू नको. ही अट इतकी अंगवळणी पडली आहे की ती मोडणाऱ्यावर लोक खरोखर चिडतात, आणि त्या अपराधासाठी ‘स्पॉयलर’ हा शब्दही मराठीनं जसाच्या तसा उचलला आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगावसारख्या कापसाच्या तालुक्यात गोष्टीबद्दलचं मत एका माणसाकडून दुसऱ्याकडे कसं जात आलं हे पाहिलं, तर मात्र ही अट फार अलीकडची दिसते. या भागात पिढ्यान् पिढ्या शिफारस करणं म्हणजे गोष्ट सांगणं, आणि तीही शेवटासकट. ऐकणारा त्यानंतर ती बघायला जायचा, किंवा जायचा नाही. पण गोष्ट त्याच्यापर्यंत पोचलेली असायची. सगळ्यांनी एकाच वेळी बघायची वेळ मोडली तेव्हा शेवट लपवायची रीत घरोघर आली, आणि शिफारशीतला सर्वांत कसदार भाग, म्हणजे पाहिलेलं पुन्हा सांगणं, तिनं लोकांच्या तोंडून काढून घेतला, असं माझं म्हणणं आहे.

वर्धा आणि पैनगंगा या दोन नद्यांमधला हा मुलूख गोष्ट ऐकण्यात मुरलेला आहे. चातुर्मासात पोथी लागायची. श्रीधरस्वामींचा ‘हरिविजय’ 1702 सालचा, ‘रामविजय’ 1703 सालचा, ‘पांडवप्रताप’ 1712 सालचा; म्हणजे दूरदर्शन येईपर्यंत या ग्रंथांना पावणेतीनशे वर्षं होऊन गेली होती. रावण मरणार हे पोथी सोडायच्या आधीच ओसरीवरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं. तरी लोक रोज यायचे, आणि उठताना बोलायचे ते वाचणाऱ्याबद्दल: अर्थ कसा फोडून सांगितला, कुठं घाई केली, कुणाचा गळा दाटून आला. या भागातल्या गोंड समाजाची रीत तर याहून ठळक. त्यांच्या कुळांच्या कथा गाण्याचं काम परंपरेनं परधानांकडे असतं. क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञानं 1940 च्या दशकात पैनगंगेपलीकडच्या आदिलाबादेत राहून याचं बारकाईनं वर्णन केलं. त्यानं नोंदवलेली एक गोष्ट मराठी वाचकानं लक्षात ठेवावी अशी आहे: तिथल्या परधानांची घरची बोली मराठी, आणि कथा मात्र ते गोंडीत गात. किंगरीच्या सुरावर यजमानाच्या कुळाची कथा त्या कुळालाच ऐकवायची, म्हणजे ऐकणाऱ्यांत एकही माणूस असा नसायचा की ज्याला पुढं काय होणार हे माहीत नाही. माहीत असणं हीच तिथं ऐकायला बसण्याची पात्रता होती. परधान एखादा प्रसंग गाळून गेला तर तो लक्षात येणार कुणाच्या? ज्यांना तो आधीच पाठ आहे त्यांच्याच.

मग सिनेमा आला. विदर्भातल्या जत्रांत आणि बाजाराच्या गावांत तंबूतले टॉकीज लागू लागले, तिथं गाण्यांची पुस्तिका काही आण्यांना विकत मिळायची. स्वस्त कागद, आत गाणी, आणि पहिल्या पानांवर सिनेमाची गोष्ट, जी ऐन मोक्यावर तोडून पुढचं पडद्यावर पाहा म्हणून सांगितलेलं असायचं. माझ्या म्हणण्यावरचा पहिला आक्षेप इथंच उभा राहतो. शेवट राखून ठेवायची युक्ती जुनीच आहे, मोबाइलवरच्या मालिकांनी ती शोधलेली नाही. हे खरं आहे. लंडनमध्ये अगाथा ख्रिस्तीचं ‘द माउसट्रॅप’ 1952 मध्ये रंगमंचावर आलं तेव्हापासून खुनी कोण हे बाहेर सांगू नका अशी विनंती प्रेक्षकांना केली जाते, आणि 1960 मध्ये आल्फ्रेड हिचकॉकनं ‘सायको’साठी तीच विनंती जाहिरातीत वापरली. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथा याच भांडवलावर खपल्या. मात्र या सगळ्या उदाहरणांत शेवट लपवतो तो विकणारा, कारण त्याला तिकीट खपवायचं असतं. प्रेक्षकानं प्रेक्षकाला गप्प बसवलेलं नाही. पुस्तिका गोष्ट अर्धवट सोडायची, आणि तंबूतून परत आलेला माणूस ती पुरी करायचा. कापूस एकाधिकार खरेदी योजना 1972 मध्ये सुरू झाल्यावर खरेदी केंद्रांसमोर बैलगाड्यांच्या रांगा लागत, नंबर यायला कधी दिवस तर कधी रात्रीही जात. अशा रांगेत सिनेमाची गोष्ट अर्धी सांगून कुणाची सुटका झाली असती असं वाटत नाही.

दूरदर्शननं या सवयीला एक नवी गोष्ट दिली: सबंध देशाची एकच घटका. 1984 मध्ये कमी शक्तीची प्रक्षेपण केंद्रं जवळजवळ रोज एक या वेगानं उभी राहिली, आणि त्याच वर्षी 7 जुलैला ‘हम लोग’ सुरू झालं. मनोहर श्याम जोशींच्या लेखणीतून उतरलेल्या या मालिकेत प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन घडलेल्या प्रसंगावर बोलायचे, प्रेक्षकांना विचार करायला लावायचे. सतरा महिन्यांत या मालिकेला सुमारे 4 लाख पत्रं आली. त्यांवर पुढं अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांनी अभ्यास केला. मालिकेतल्या थोरल्या मुलीनं, बडकीनं, लग्न करावं की नाही, बापाच्या दारूचं काय करावं, याबद्दल लोक सल्ले लिहून पाठवत होते. मालिकेबद्दलचं मत म्हणजे पात्रांच्या वागण्याबद्दलचं मत. ती चांगली का वाईट हा प्रश्न त्याच्या पोटात येऊन जायचा. पाठोपाठ 25 जानेवारी 1987 ला रामानंद सागरांचं ‘रामायण’ आलं आणि श्रीधरस्वामींचे श्रोते अँटेना फिरवून, पडद्यावरच्या मुंग्या घालवून, रविवारी सकाळी साडेनऊला टीव्ही असलेल्या घरी जमले. 78 भागांत एकाही वळणाचं गुपित नव्हतं. तरी रस्ते ओस पडत. सोमवारी चर्चा व्हायची ती पोथीच्या ओसरीवरचीच: हा प्रसंग लवकर उरकला, तो फार ताणला, आपल्या पोथीत हे असं नाही.

टीव्हीचं हे घर कुणाचं, हा प्रश्न टाळून चालणार नाही. दुसरा आक्षेप असा घेता येईल की पुन्हा सांगण्याचं हे कौतुक टंचाईचं कौतुक आहे. टीव्ही गावात दोन-चार घरी. त्या घरांच्या उंबरठ्याआत कुणी यायचं, कुणी खिडकीतून पाहायचं, कुणी तेही नाही, हे जातीवर आणि ऐपतीवर ठरायचं. तंबूच्या सिनेमाला रात्री जाणारे बहुतेक पुरुष. बाईच्या वाट्याला ऐकीव गोष्ट आली ती तिला जाता येत नव्हतं म्हणून. हा आक्षेप मी पूर्ण मानतो, आणि आज कोलाम आदिवासींच्या पोडावरचा, म्हणजे वस्तीवरचा, मुलगा स्वतःच्या मोबाइलवर हवं ते बघू शकतो ही साधी बाब नाही हेही मानतो. तरी टंचाई संपल्यावर सांगणं आपोआप थांबलं असतं, तर हा आक्षेप निर्णायक ठरला असता. तसं झालं नाही. टीव्ही घरोघर आले, केबल आली, 15 ऑगस्ट 1999 ला अल्फा मराठी सुरू झालं, ई टीव्ही मराठीवर 2001 पासून ‘चार दिवस सासूचे’ लागलं आणि 3,000 च्या वर भाग चालून 2013 मध्ये संपलं. त्या सगळ्या काळात सांगणं उलट वाढलं, आणि त्याला एक मोठं कारण भारनियमनाचं होतं.

ज्यांनी ती वर्षं विदर्भाच्या खेड्यात काढली त्यांना ‘लाईन गेली’ या दोन शब्दांचा अर्थ वेगळा सांगायला नको. दिवसाचे कित्येक तास वीज नाही, आणि संध्याकाळची पाळी आली की नेमकी मालिकेच्या वेळेला ती जायची. एका फिडरवर अंधार, दुसऱ्यावर उजेड. म्हणजे एकाच तालुक्यातल्या निम्म्या गावांनी भाग पाहिलेला आणि निम्म्यांचा चुकलेला. हा हिशेब दुसऱ्या दिवशी वेचणीत पुरा व्हायचा. दिवाळीच्या सुमारास वऱ्हाडात शेतात सीतादहीची पूजा करून वेचणीला सुरुवात होते. बाया ओळीनं तासाला लागतात, कमरेला ओटी बांधलेली, दोन्ही हात बोंडांवर. मजुरी किलोमागे, त्यामुळे हात थांबवणं कुणाला परवडत नाही. तोंड मात्र मोकळं असतं. ‘काल आमची लाईन गेली, मंग काय झालं वं?’ एवढ्या प्रश्नावर जिनं भाग पाहिला ती सुरू व्हायची. सुनेनं काय म्हटलं, सासूनं कसं तोंड फिरवलं, मधल्या जाहिराती वगळून वीस मिनिटांचा भाग दोन तास पुरायचा, कारण मध्ये मध्ये इतरजणी आपलं म्हणणं घालायच्या: असं म्हणायला नको होतं तिनं, आमच्या जावेचंही असंच आहे. सांगणारीच्या सांगण्यात तिचा निवाडा आपसूक मिसळलेला असायचा. आणि तिनं काही वाढवून सांगितलं तर पलीकडच्या तासातली, जिच्या गावी लाईन होती ती, तिथल्या तिथं दुरुस्त करायची. कोणत्याही परीक्षणापेक्षा ही तपासणी कडक, असं मला मनापासून वाटतं.

सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि मोबाइलवर मालिका बघणं शहरापुरतं उरलं नाही. 6 जुलै 2018 ला नेटफ्लिक्सवर ‘सेक्रेड गेम्स’चे आठही भाग एकाच दिवशी आले. मला कळीचा वाटतो तो हाच दिवस. त्यात काय दाखवलं हा प्रश्न वेगळा. कसं दिलं याला इथं महत्त्व आहे. आठ भाग एकदम आले की कुणी रात्रभरात संपवतो, कुणी महिनाभर पुरवतो, कुणी तिसऱ्या भागावर सोडतो. ‘काल काय झालं’ हा प्रश्नच अर्थहीन होतो, कारण प्रत्येकाचा काल वेगळा. आधी पाहिलेल्याकडे सांगण्यासारखं खूप असतं आणि ते सांगणंच गुन्हा ठरतं. मग शिफारस आकसते. ‘भारी आहे, बघ’, ‘पहिले दोन भाग जरा सहन कर’, ‘शेवट बेकार आहे पण सांगत नाही’. यात मत आहे, कारण नाही. कारण द्यायचं तर प्रसंग सांगावा लागतो, आणि प्रसंग सांगायची बंदी. दोघांनीही मालिका पाहून झाल्यावर बोलता येतं हे खरं, पण तोवर एकाच्या मनातला प्रसंगाचा ताजेपणा गेलेला असतो आणि तो पुढच्या मालिकेत गुंतलेला असतो. ज्याला सांगायचं त्याच्याच समोर, सांगायची ऊर्मी असताना, गप्प राहायचं ही शिस्त इथल्या श्रोत्यानं याआधी कधी पाळलेली नव्हती.

यावर तिसरा आक्षेप उरतो, आणि तो सर्वांत वजनदार आहे: पहिल्यांदा कळण्याचा धक्का हा आनंदच आहे, तो हिरावून घ्यायचा हक्क कुणाला? खुनाचा माग काढणाऱ्या गोष्टीपुरतं मला हे मान्य आहे. सगळ्या गोष्टींना मात्र तोच नियम लावण्याला पुराव्याचा आधार नाही. 2011 मध्ये कॅलिफोर्नियातल्या जोनाथन लेव्हिट आणि निकोलस ख्रिस्टेनफेल्ड यांनी 12 लघुकथांवर प्रयोग केला, तेव्हा शेवट आधी कळलेल्या वाचकांना गोष्टी कमी आवडण्याऐवजी थोड्या जास्तच आवडल्या. पुढच्या काही प्रयोगांत उलटही आढळलं, म्हणून त्यावर फार भार टाकू नये. आपल्याच रंगभूमीचा पुरावा मला जास्त पटतो. आचार्य अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ 1962 मध्ये आलं. लखोबा लोखंडे भामटा आहे हे प्रेक्षकाला लपून राहत नाही, तरी प्रभाकर पणशीकर पाच रूपं कशी उभी करतात हे बघायला लोक पुन्हा पुन्हा गेले. मालिकांमध्ये ऑक्टोबर 2020 मध्ये आलेली ‘स्कॅम 1992’ घ्या. शेअर घोटाळ्यातल्या हर्षद मेहताचं काय झालं हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. तो 2001 च्या शेवटच्या दिवशी कोठडीत असताना वारला. टाळेबंदीच्या वर्षात तोंडोतोंडी पसरलेल्या मालिकांत ती पुढं होती, आणि तिची शिफारस करताना कुणाला जीभ चावावी लागली नाही. सांगता येत होती, म्हणून ती पसरली.

शेवट आधीच ठाऊक असण्याचा अनुभव राळेगावला फार जवळून आहे. वनखात्याच्या कागदांत टी-1 आणि वन्यजीवप्रेमींच्या तोंडी अवनी असलेली वाघीण 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री याच तालुक्यातल्या बोराटीच्या शिवारात गोळी लागून मेली. पांढरकवडा-राळेगाव भागातले 13 माणसांचे बळी तिच्या नावावर मांडले गेले होते. तिचे दोन बछडे मागं राहिले. 18 जून 2021 ला अ‍ॅमेझॉन प्राइमवर अमित मसुरकर यांचा ‘शेरनी’ आला. चित्रपट कल्पित म्हणूनच मांडला गेला, आणि देशभरातल्या प्रेक्षकांनी त्यात हीच वाघीण ओळखली. मुंबईत बसलेल्याला वाघिणीचं शेवटी काय होतं हे सांगायची बंदी. बोराटी, लोणी, सराटी या पट्ट्यात ज्यांनी त्या दोन हंगामांत दिवस मावळायच्या आत शेत सोडलं, ज्या कापूस वेचायला एकटीनं न जाता घोळक्यानं गेल्या, त्यांच्यासाठी तो शेवट फार आधीच घडून गेलेला होता. त्यांना विचारायचं तर पोथीच्या श्रोत्याला विचारायचे तेच प्रश्न विचारावे लागतात: जंगल तसंच होतं का, गावकऱ्यांची भीती बरोबर धरली का, गुराख्याचं काय दाखवलं, काय गाळलं. आणि याची उत्तरं देताना त्यांना पहिल्या प्रसंगापासून शेवटच्या गोळीपर्यंत सगळी गोष्ट सांगावीच लागते.