गोतसभा आणि पार्लमेंट

पार्लमेंटचा इतिहास म्हटला कीं आपल्याकडील सुशिक्षित मनुष्याच्या डोळ्यांपुढें वेस्टमिन्स्टर उभें राहतें. त्यावर स्वाभिमानी मंडळींचें उत्तरही ठरलेलें आहे: कांचीजवळच्या उत्तरमेरूरचा दहाव्या शतकांतील चोळ शिलालेख दाखवावा, सभासद निवडण्याचे त्यांतील नियम वाचावे, आणि लोकसत्ता मूळची आमच्याच घरची म्हणून मोकळें व्हावें. परंतु कांचीचा दगड वाचून पंचगंगेकांठच्या गांवचा कारभार कसा कळावा? कागल तालुक्यांतील म्हाकवे येथें जन्मलेले डॉ. अनंत सदाशिव अळतेकर यांनीं 1927 सालीं ग्रामसंस्थांचा इतिहास लिहिला, तो पश्चिम हिंदुस्थानापुरताच. हा विवेक आम्हांस मोलाचा वाटतो.

युरोपांतही असाच अभिमान होता. तो उतरविला तो विद्वानांच्या परस्पर सहकार्यानें. मेटलंड यांनीं 1893 सालीं इंग्लंडच्या 1305 सालच्या पार्लमेंटचे कागद छापले; त्यांत कायदे करण्यापेक्षां गाऱ्हाणीं ऐकणें आणि निवाडे देणें हेंच काम पानोपानीं दिसलें. पुढें 1910 सालीं मॅकिलवेन या अमेरिकन पंडितानें पार्लमेंट हें मूळचें न्यायासन होय, असा ग्रंथच लिहिला. 1936 सालीं प्रातिनिधिक संस्थांच्या इतिहासासाठीं आंतरराष्ट्रीय मंडळ निघालें. लूव्हेंचे प्राध्यापक लूस हे त्याच्या अध्वर्यूंपैकीं. इंग्रज विदुषी हेलन कॅम यांनीं महायुद्धानंतर कित्येक वर्षें त्याचें अध्यक्षपद भूषविलें. 1981 पासून मंडळाचें स्वतंत्र नियतकालिकही आहे. स्पेनची कोर्तेस, पोलंडची सेय्म, हंगेरीची सभा यांचे कागद शेजारीं शेजारीं ठेवल्यावर आपलीच संस्था अद्वितीय हें म्हणणें कोणासही सोपें राहिलें नाहीं.

या पंक्तींत आमची गोतसभा बसते काय? वतनाचा किंवा शिवेचा तंटा पडला म्हणजे मजालस भरे. सरकारी अंमलदार, देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी, शेटे-महाजन आणि बलुतेदार यांच्या समक्ष वादी-प्रतिवादींच्या तकरीरा होत, साक्षी होत, आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. त्यावर ज्याची त्याची निशाणी असे. पाटलाचा नांगर तर ठरलेलाच. अक्षर न येणारा मनुष्यही तेथें नांवानिशीं हजर आहे. आपल्या गांवचें गोत पक्षपाती वाटल्यास परस्थळीं निवाडा मागण्याची सोय होती. डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनीं 1953 सालच्या ग्रंथांत ही सर्व व्यवस्था कागदपत्रांवरून मांडली आहे.

म्हणून तिला पार्लमेंट म्हणावें असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. तेथें कोणी निवडून येत नसे, वतनानें बसे. बलुतेदाराची निशाणी कागदावर उमटे, म्हणून त्याचा शब्द पाटलाइतकाच चालला असें ठरत नाहीं. जपानचे हिरोशी फुकाझावा यांनीं मराठी साधनें अभ्यासून जातिबहिष्कारासारख्या गोष्टींतही सरकारचा हात किती पोंचे हें 1968 सालीं दाखविलें. त्यामुळें स्वयंपूर्ण ग्रामराज्याचें गोड चित्र बरेंच पुसट झालें. आणखी एक भेद आम्हांस महत्त्वाचा वाटतो. युरोपांत राजास पैसा हवा असे, तेव्हां सभा आपलीं गाऱ्हाणीं पुढें करी. आमच्याकडे कराची घासाघीस मजालशींत होत नसे. जुलूम असह्य झाला कीं रयत गांव सोडून परागंदा होई, आणि ती परत यावी म्हणून सरकार कौल देई. निवाडा एकीकडे, कौल दुसरीकडे! हे दोन प्रवाह एका सभेंत कां मिळाले नाहींत, हा प्रश्न कोर्तेसचा इतिहास शेजारीं ठेवल्यावांचून सुचतही नाहीं.

कोल्हापुरास या कामीं हात घालणें अवघड नाहीं. शिवाजी विद्यापीठ 1962 सालीं स्थापन झालें. त्याचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार हे स्वतः इतिहाससंशोधक, आणि ताराबाईकालीन कागदपत्रांचे खंड त्यांनींच संपादिले. अडचण मोडीची आहे. ज्या घरांतील पेटींत वतनाचे महजर आहेत, त्याच घरांतील पदवीधरास ते वाचतां येत नाहींत. मग लूव्हेंच्या किंवा टोकियोच्या अभ्यासकानें ते कसे वाचावे? कोल्हापूर प्रांतांतील शंभर महजर निवडावे, बालबोधींत छापावे, निशाण्या जशाच्या तशा काढाव्या, हजर असामींची यादी जातवार द्यावी, आणि सोबत इंग्रजी भाषांतर जोडावें. पहिल्या खंडास एवढें पुरे.