पाणीपट्टी आणि काटकसर : सातारा-सांगलीचा ऐतिहासिक मागोवा

ब्रिटिश अमदानीत सातारा शहरास कास तलावाचे पाणी मिळू लागले. १९०१ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका अधिनियमाने पालिकांना पाणीपट्टीचा अधिकार दिला. तथापि बहुतांश ठिकाणी आकारणी ठोक राहिल्याने काटकसरीस लाभ नव्हता आणि नासाडीस भुर्दंड नव्हता.

या परंपरेस कराडलगतच्या मलकापूरने छेद दिला. २००८ मध्ये नगरपंचायत झालेल्या या गावात महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या साहाय्याने चोवीस तास पाणीपुरवठा सुरू झाला. नळांना मीटर बसले आणि दर टप्प्यांचे झाले. वापर वाढेल तसा दर चढतो. अखंड पुरवठ्यात साठवलेले शिळे पाणी ओतून देण्याचे कारणही उरत नाही.

मात्र एकाच नळावर मोठे कुटुंब अवलंबून असल्यास माणशी वापर कमी असूनही ते वरच्या टप्प्यात जाते. येथे सांगली जिल्ह्यातील येरळा नदीवरील बळीराजा धरणाचा दाखला उद्बोधक ठरतो. १९८० च्या दशकातील या चळवळीने भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाचा पाण्यावरील समान वाटा मानला. सबब, आधी माणशी गरजेचा वाटा व त्यानंतरच चढता दर, हा क्रम दररचनेत न्याय्य ठरतो.