निळा धूर, पांढरा धूर

मागच्या शनिवारी राजापेठेतल्या घरी बाबांची जुनी टू-स्ट्रोक स्कूटर बाहेर काढली. सात-आठ किका, आणि मग एवढा धूर की आई म्हणाली, आता भंगारातच द्या.

हा धूर आपल्या घराघरांत आला कसा? 1960 मध्ये बजाजने इटलीच्या पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवायला घेतली. 1971 मध्ये करार संपला, 1972 मध्ये चेतक आली. नंबर लागायला लोक वर्षानुवर्षं थांबायचे! टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण क्रँककेसमधूनच सिलिंडरमध्ये जातं. तिथे वेगळं तेल साठवता येत नाही, म्हणून ते पेट्रोलमध्येच मिसळायचं आणि जाळायचं. थोडा निळसर धूर म्हणजे बग नव्हे, चक्क फीचर.

बाबा मात्र लिटरला 20 मिलीच्या जागी अंदाजे दुप्पट ओतायचे. "तेल कमी टाकशील तं इंजिन जाम होईन!"

मी टाकी रिकामी करून मोजून मिश्रण भरलं, प्लगची काजळी घासली, एअर स्क्रू फिरवून आयडलिंग बसवलं. तरी दाट पांढरा धूर! शेवटी गिअरबॉक्स तपासला. तेलाची पातळी उतरलेली, पण खाली एक थेंब नाही. क्लचच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील म्हातारं झालं होतं. इंजिन गिअरबॉक्सचं तेल ओढून जाळत होतं. म्हणजे बाबांवर उगाच चिडलो (अर्धवट उगाच).

सील स्वस्त, पण त्यासाठी अख्खं इंजिन उघडावं लागतं. पुढच्या शनिवारी उघडणार.

पेट्रोलची चेतक बंद झाली, 2020 मध्ये बॅटरीवर परतली. बाबांना सांगितलं, तिला धूरच नाही.

"मंग तिले किक कुठी मारतेत?"