कापड कुठले, आणि कोणाच्या हातचे?

दुकानात सदरा हातात घेतला की आपण आधी रंग पाहतो, मग माप आणि मग किंमत. कॉलरच्या आत शिवलेली चिठ्ठी वाचणारे थोडेच. पण ‘हे कापड कुठले?’ हा प्रश्न आपल्याला नवा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रात तो घरोघरी विचारला जात होता. त्या प्रश्नाची गोष्ट आज थोडक्यात सांगावी म्हणतो.

१९०५ साली बंगालच्या फाळणीच्या विरोधात विलायती मालावर बहिष्कार पुकारला गेला. ऑक्टोबरात पुण्यात विलायती कपड्यांची होळी पेटली. तिच्यात विद्यार्थीदशेतले सावरकर पुढे होते, लोकमान्य टिळकही हजर होते. मँचेस्टरचे तलम धोतर टाकून देशी गिरणीचे जाडेभरडे धोतर नेसणे ही देशभक्ती ठरली. देशी कापडाची मागणी वाढली आणि मुंबईच्या गिरण्यांना बरे दिवस आले.

नेमक्या त्याच सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले. तोवर दिवस मावळला की काम थांबे, आता ते रात्रीही चालू लागले. काही गिरण्यांत कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. कापड गिरणीतल्या पुरुष कामगाराला बारा तासांची मर्यादा घालणारा कायदा व्हायला १९११ साल उजाडावे लागले. धोतर देशी होते, हे खरेच. पण ते विणणारा कोकणातला किंवा घाटावरचा माणूस घरी कधी जातो, हे नेसणाऱ्याने क्वचितच विचारले.

हा दुसरा प्रश्न कोणालाच सुचला नव्हता, असे मात्र नाही. नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’चे संपादक. त्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारच्या कमिशनपुढे ठेवला. मागण्या साध्या होत्या : आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली. आजचा रविवार आपण निवांत घरी घालवतो, त्यामागे त्या सह्या आणि अंगठे आहेत.

पहिला प्रश्न देशाचा आणि दुसरा कामगाराचा. हे दोन्ही एकमेकांचे वैरी नव्हेत. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत विलायती कापडाच्या ट्रकसमोर आडवा होऊन प्राण देणारा बाबू गेनू स्वतः गिरणी कामगारच होता. पहिल्या प्रश्नासाठी त्याने जीव दिला, तो दुसऱ्या प्रश्नाचे चटके रोज सोसत असताना.

दोन्ही प्रश्न एकत्र विचारण्याचा एक प्रयत्न मला फार मोलाचा वाटतो. खादी स्वस्त असावी, म्हणजे ती खपेल, असे अनेक कार्यकर्ते म्हणत. पण सूत कातणाऱ्या बाईला दिवसाला जेमतेम काही पैसे सुटत. ते पाहून गांधीजींनी १९३५ साली आठ तासांच्या कामाला आठ आणे मिळावेत असा आग्रह धरला. तेवढे जमले नाही, पण चरखा संघाने मजुरी वाढवली. खादी महागली आणि गिऱ्हाइकाला जास्त मोजावे लागले. देशभक्तीच्या मालालाही मजुरीचा हिशेब चुकत नाही, हे तेव्हा उघड मान्य झाले.

आता जवळची घटना पाहा. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावार येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली. अकराशेहून अधिक माणसे गेली. भिंतींना तडे आदल्या दिवशीच दिसले होते. खालची दुकाने आणि बँक बंद राहिली, वरच्या शिवणकारखान्यांतल्या बायकांना मात्र कामावर बोलावले गेले. ढिगाऱ्यात परदेशी कंपन्यांच्या चिठ्ठ्या सापडल्या.

तिथल्या कामगारांनी ‘आमचे कपडे घेऊ नका’ असे म्हटले नाही. काम गेले तर चूल विझणार. त्यांना हवी होती पक्की इमारत आणि पुरेसा पगार. पुढे कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात बंधनकारक करार झाला आणि दीड हजारांहून अधिक कारखाने सुरक्षेच्या तपासणीखाली आले. लोकांनी जगभर प्रश्न विचारले, कंपन्यांना तोंड लपवता आले नाही, म्हणून हे घडले.

म्हणून मला विचाराल तर, ‘स्वस्त घेऊ नका’ असे मी सांगणार नाही. ज्याची मिळकतच बेताची, त्याने स्वस्त घेतले तर त्यात पाप नाही. आणि महाग कपड्यामागेही मजुरी तुटपुंजी असू शकते. पण ज्यांना निवड करता येते त्यांनी दुकानदाराला, कंपनीला विचारावे : हे कोणी शिवले, त्यांना काय मिळाले? लोखंड्यांच्या अर्जावर सह्या कामगारांच्या होत्या, त्यांनी विणलेले धोतर नेसणाऱ्यांच्या नव्हत्या. रविवार मिळायला सहा वर्षे लागली. नेसणाऱ्यांनीही तेव्हा सह्या केल्या असत्या, तर कदाचित तो थोडा लवकर आला असता.