एम्ले मूरचा मनोरा

यॉर्कशायरमधील एम्ले मूरच्या माळावर १२६५ फूट उंचीचा पोलादी स्तंभ होता. १९ मार्च १९६९ रोजीं, अंगावर बर्फ साचला असतां, मंद वाऱ्यानेंच त्यास कंप भरला व तो कोसळला. प्राणहानि झाली नाहीं; लाखों घरांत मात्र चित्र येईनासें झालें. १९७१ सालीं तेथें काँक्रीटचा मनोरा कामास लागला. सप्टेंबर २०११ मध्यें त्यावरून जुन्या पद्धतीचें प्रक्षेपण थांबलें. पूर्वीं एका लहरपट्ट्यांत एकच वाहिनी मावे. आतां चित्रें आंकड्यांत उतरवून, पुनरुक्त भाग गाळून, अनेक वाहिन्या त्याच पट्ट्यांतून धाडतात आणि घरची पेटी त्या पुन्हां वेगळ्या करते. लहर दुर्बळ झाली, तर पूर्वीं पडद्यावर नुसती भुरभुर दिसे, तरी माणसें ओळखूं येत. आतां चित्राचे चौकोनच विखुरतात. ही सुधारणा कीं काय, मला अद्याप ठरवितां आलेलें नाहीं.