विश्लेषण : बॉल पायथनच्या पेटीत ऊब आणि दमटपणा किती हवा?

पाळलेला बॉल पायथन खात नाही, त्याची कात तुकड्यातुकड्यांनी निघते, अशा तक्रारी आल्या की सर्वात आधी त्याच्या पेटीतली हवा तपासावी लागते. साप स्वतःच्या शरीरात पुरेशी उष्णता तयार करू शकत नाही. ऊब हवी असेल तर तो उबदार जागी सरकतो, नको असेल तर सावलीत जातो. पेटीत मात्र ही सोय माणसानेच करून द्यावी लागते.

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला छोटा अजगर. पाळीव साप म्हणून तो जगभर विकला जातो आणि घाना, टोगो, बेनिन या देशांतून त्याची निर्यात होते. भारतात नाग, धामण किंवा आपला देशी अजगर घरी ठेवणे हा वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. बॉल पायथन परदेशी असला तरी तो 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. त्यामुळे केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवर त्याची नोंदणी बंधनकारक आहे.

एकच तापमान का चालत नाही?

पेटीचे एक टोक गरम आणि दुसरे थंड हवे. गरम टोकाला पृष्ठभाग ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, थंड टोकाला साधारण २५ ते २७ अंश. खाल्लेला उंदीर पचवायला सापाला ऊब लागते. ती मिळाली नाही तर पचन रेंगाळते आणि कधी कधी गिळलेले भक्ष्य तो ओकून टाकतो. दीर्घकाळ गारठा राहिल्यास श्वसनमार्गाचा संसर्ग होतो. उलट सगळी पेटीच तापली तर पळायला जागा उरत नाही. दोन्ही टोकांना लपायला एकेक आडोसा ठेवणेही तितकेच गरजेचे. लपण्याची जागा फक्त थंड टोकाला असेल, तर हा लाजाळू साप ऊब सोडून तिथेच बसून राहतो.

पेटीखाली ठेवायची हीट मॅट किंवा वरचा दिवा थर्मोस्टॅटशिवाय कधीच लावू नये. पोटाखालचा चटका सापाला वेळेवर कळेलच असे नसते. तो तापलेल्या जागेवर तसाच पडून राहतो आणि खवले भाजून निघतात. 'हीट रॉक' नावाने मिळणारे तापणारे दगड याच कारणासाठी टाळावेत. थर्मोस्टॅटचा सेन्सर नीट चिकटवलेला हवा. सापाने तो ओढून थंड बाजूला नेला, तर यंत्राला पेटी गार वाटते आणि मॅट तापतच राहते.

दमटपणाचे गणित

आर्द्रता सर्वसाधारणपणे ५५ ते ७० टक्के ठेवतात. कात टाकायची वेळ आली, डोळे निळसर-धूसर दिसू लागले, की ती ७० च्या आसपास न्यावी. हवा कोरडी पडली तर कात अडकते. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो. कातीबरोबर तो निघाला नाही तर घरी नखाने किंवा चिमट्याने काढायला जाऊ नये, डोळा कायमचा दुखावतो.

अनेकांचा गोंधळ इथेच होतो. खोलीत ७० टक्के दमटपणा असताना पेटीत ४५ कसा? हवा तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता वाढते. २५ अंशांची, ७० टक्के आर्द्रतेची हवा ३२ अंशांपर्यंत तापवली, तर पाणी तेवढेच असूनही आर्द्रता ४७ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणून नुसते पाणी फवारून तासाभरापुरता फरक पडतो. त्यापेक्षा पाण्याचे मोठे भांडे ठेवणे, जाळीचे झाकण अर्धे झाकणे, खाली कोकोपीटचा जाड थर देणे जास्त टिकते. एका डब्यात ओलसर शेवाळ घालून लपायची जागा केली, तर उरलेली पेटी ओली करावी लागत नाही. थराचा वरचा भाग मात्र कोरडाच हवा. सतत ओल्या थरावर राहिल्यास पोटाकडच्या खवल्यांवर फोड येतात.

काचेवर चिकटवायचे काट्याचे स्वस्त मापक बरेचदा चुकीचे आकडे दाखवते. दोन डिजिटल मापके, दोन टोकांना, सापाच्या उंचीवर ठेवावीत.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात फवारणीची गरज फारशी पडत नाही, उलट हवा खेळती ठेवावी लागते. विदर्भात पारा ४५ अंशांवर गेला की थर्मोस्टॅट फक्त मॅट बंद करू शकतो, खोली थंड करणे मालकाच्या हाती असते. निफाडच्या थंडीत वीज गेली, तर पेटीभोवती गोधडी गुंडाळावी, हवेची जागा मोकळी सोडावी. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून आत ठेवली तर काही तास निभावतात. साप तोंड उघडे ठेवून श्वास घेत असेल, घरघर ऐकू येत असेल किंवा तोंडाशी चिकट स्राव दिसत असेल, तर सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यकाकडे त्याच दिवशी न्यावे.